लोखंडाचाच आहे तो

कवळीकाकूंना महाकाय यंत्रमानवांच्या हाणामारीचे चित्रपट आवडतात, हे दातांच्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. थिएटरच्या तिकीटखिडकीवरच्या मुलीला ठाऊक होतं, आणि काकू राहत त्या इमारतीखालच्या चपलांच्या दुकानदारालाही. ठाऊक नव्हतं ते फक्त रसिक मंडळाला. ते तसंच राहावं म्हणून काकूंची मोठी बहीण डोळ्यांत तेल घालून जपत होती.

'कवळीकाकू' हे नाव पेशंटांनी पाडलेलं. दवाखान्याच्या मागे एक अरुंद खोली होती. तिथे बसून काकू उभं आयुष्य कवळ्या करत आल्या होत्या. डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवत, काकू त्यात प्लास्टर ओतून साचा काढत, आणि मग मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवत. दात म्हणजे मक्याच्या दाण्याएवढी वस्तू. तो केसभर पुढे आला तर माणूस बोलताना शिट्टी वाजवतो, केसभर मागे गेला तर ओठ आत बसतो आणि चांगला हसतमुख माणूस रुसल्यासारखा दिसतो. मेणावर सुरीने रेघ ओढताना काकूंची जीभ ओठांच्या कोपऱ्यात यायची. तेव्हा डॉक्टरसुद्धा दारातूनच परत फिरत.

चांगली कवळी कुठली, असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, "जी तोंडात आहे हे शेजारणीलाही कळत नाही, ती."

असं बारीक काम दिवसभर केल्यावर बाहेर पडल्या की काकूंना सगळं मोठं लागायचं. चहाचा मग मोठा, छत्री मोठी, बोलणं तर असं की त्या जिन्यात उभ्या राहून बोलल्या तरी वरच्या मजल्यावरची भांडणं थांबून ऐकत. आणि चित्रपट 'पोलादी पहाड'.

लेक सांगते की हा नाद नातीपायी लागला. ते अर्धंच खरं. सुट्टीत लेकीने नातीला आजीकडे सोपवलं आणि आजी तिला घेऊन थिएटरात गेल्या, इथवर ठीक. पण नात पहिल्याच स्फोटाला कानांत बोटं घालून जी आजीच्या मांडीवर आडवी झाली, ती शेवटच्या पाट्या पडेपर्यंत उठलीच नाही. काकू मात्र खुर्चीच्या कडेवर. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा खिडकीवर हजर.

"लहान मुलं किती?" खिडकीवरच्या मुलीने विचारलं.

"एकही नाही. मोठ्या माणसाचं एक द्या. मधल्या रांगेतलं."

गोष्ट म्हटली तर पोस्टकार्डावर मावेल. समुद्राच्या तळातून काळे, काटेरी यंत्रमानव वर येतात आणि बंदराची धूळधाण करतात. त्यांना अडवायला माणसं भंगारात काढलेला एक जुना यंत्रमानव ओढून बाहेर काढतात. इमारतीएवढा उंच, हिरवा रंग उडालेला, उजवा खांदा खिळखिळा. चित्रपट परदेशी, पण आवाज आपल्या भाषेत दिलेले, त्यामुळे याचं नाव थोरला आणि काळ्यांच्या म्होरक्याचं नाव काजळ्या. काजळ्या एका बुक्कीत पाण्याची टाकी उडवतो तेव्हा थोरला म्हणतो, "माघारी फिर, डबड्या!" हे वाक्य काकूंच्या इतकं मनात बसलं की दवाखान्यातलं पॉलिशचं मशीन अडलं की त्या त्यालाही तेच ऐकवू लागल्या. मशीन बहुधा ऐकायचंही.

आता काकूंच्या बहिणीविषयी. ताईंनी लग्न केलं नाही, शाळा केली. निवृत्त होईपर्यंत मुख्याध्यापिका. आवाज कधी चढवला नाही, त्यांना एक भुवई पुरायची. काकूंचे यजमान गेले तेव्हा काकू एक पेटी घेऊन ताईंच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. ताईंनी दार उघडलं, "आत ये" एवढंच म्हटलं, आणि खिडकीजवळची आपली खाट धाकटीला दिली. त्या खाटेवर कोण झोपणार हा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

रसिक मंडळ ताईंनीच काढलेलं. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या दालनात ते भरायचं. त्याचे नियमही ताईंचेच. खुर्च्यांच्या क्रमाने एकेकाची पाळी येणार, ज्याची पाळी त्याने आपल्या आवडत्या चित्रपटावर बोलायचं, आणि तो चित्रपट कुठला हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही. शिवाय पेल्याचा नियम. वक्त्यापुढे पाण्याने भरलेला पेला ठेवायचा. वक्ता तो ओठांना लावत नाही तोवर कुणी मध्ये बोलायचं नाही, कुणी उठायचं नाही. वक्ता पाणी प्यायला की भाषण संपलं, मग प्रश्न. एका सभेत दोन प्राध्यापक वक्त्याला बाजूला सारून एकमेकांवरच घसरले होते, तेव्हापासून हा नियम आला. पेला मात्र कुणी फार वेळ ताटकळत ठेवत नसे. ताईंची भुवई हलली की लोक आपसूक प्यायचे.

काकू ताईंबरोबर जायच्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या. पाळी सरकत सरकत एक दिवस त्या खुर्चीपाशी आली.

"धाकटे," ताई जेवताना म्हणाल्या, "पुढच्या सभेला तू. दीपस्तंभाचा तो जुना घे. कृष्णधवल. सगळ्यांना आवडतो."

"तुला आवडतो?"

"माझं काय विचारतेस? चांगला आहे तो."

"मी झोपले होते त्यात. मी 'पोलादी पहाड' घेणार."

ताईंनी चमचा खाली ठेवला. "अगं, त्यात डबे एकमेकांवर आपटतात!"

"तू पाहिलास?"

"पाहायला कशाला हवा? बसएवढं पोस्टर लावलंय चौकात."

"मग बरोबर ओळखलंस. डबेच आपटतात. पण काय आपटतात म्हणून सांगू!"

"थट्टा नको. न्यायाधीश टपून बसलेत." हे मंडळातले निवृत्त न्यायाधीश, निवृत्त झाले तरी निकाल देणं सुटलेलं नव्हतं. "कुणीही उठतं नि काहीही निवडतं, निवडीला समिती हवी, असं ते मागल्याच सभेत म्हणाले. आणि आता अध्यक्षांची सख्खी बहीणच डबे घेऊन उभी राहणार!"

"निवडीचा नियम तूच केलास ना?"

"केला तेव्हा माणसं तारतम्याने वागतील असं धरून चालले होते."

नियम मोडणं ताईंच्या रक्तात नव्हतं. पण नियमात राहून करता येण्यासारखं एक काम होतं. सभेआधी वाचनालयाच्या जिन्यातल्या फळ्यावर चित्रपटाचा परिचय लागायचा, आणि तो अध्यक्ष लिहीत. ताईंनी तो लिहिला. चित्रपट पाहिलेला नव्हता ही अडचण त्यांना जाणवली नाही. उलट त्यामुळे हात मोकळा राहिला. 'यंत्रयुगाच्या गर्भातून उठणाऱ्या मौनाचं हे महाकाव्य,' अशी सुरुवात होती. पुढे बंदर म्हणजे स्मृती होती, समुद्र म्हणजे नेणीव, आणि थोरला म्हणजे 'आधुनिक माणसाचं परित्यक्त अंतर्मन'.

वाचनालयाच्या जिन्यात उभं राहून काकूंनी ते वाचलं. आपण चुकून भलत्याच कुणाच्या तोंडाचा ठसा उचलला की काय, असं त्यांना झालं. शेजारी दोन अनोळखी माणसं तेच वाचत होती. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "यायला हवं. असं हल्ली कुणी करत नाही."

घरी गेल्या गेल्या काकूंनी विचारलं, "ताई, बंदर म्हणजे स्मृती?"

"मग दुसरं काय?"

"बंदर म्हणजे बंदर. बोटी लागतात ते."

ताई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळल्या तेव्हा त्यांची भुवई जागेवर होती, आणि आवाज नेहमीपेक्षा हळू. "एवढं एकच कर माझ्यासाठी. एका सभेपुरतं ते प्रतीक आहे असं म्हण. खोटं नाही ते, सगळंच कशाचं ना कशाचं प्रतीक असतं. तुझं कौतुक होईल, मला मान खाली घालावी लागणार नाही. आणि घरी येऊन मग तुला हवं तेवढं डबड्या-डबड्या कर."

काकूंच्या डोळ्यांसमोर खिडकीजवळची खाट होती. ज्या बहिणीने एक शब्द न विचारता आपली खाट दिली, तिला चारचौघांत तोंडघशी पाडायचं? तेही एका यंत्रमानवापायी?

त्या आठवड्यात जो तो काकूंच्या मदतीला धावला. लेकीने फोनवर सांगितलं, "आई, सरळ म्हण की नातीसाठी गेले होते. कुणी काही बोलणार नाही."

"नात झोपली होती."

"ते कशाला सांगतेस!"

चपलांचा दुकानदार म्हणाला, "वय झालं की बारीक दिसत नाही, काकू. मोठं बघायला बरं वाटतं. माझी आईसुद्धा तशीच."

"माझे डोळे ठणठणीत आहेत. तुमच्या काचेतल्या त्या तपकिरी बुटाची शिवण उसवलीय, टाचेशी. आत घ्या तो, गिऱ्हाईक बघेल."

डॉक्टरांनी तर खुर्ची ओढून बसून समजावलं. "मला कळतं, काकू. जन्मभर कुणाला दिसणार नाही असं काम केलंत. मग साहजिकच मनाला काहीतरी अवाढव्य, सगळ्यांना दिसेल असं..."

"डॉक्टर," काकू मेणावरची नजर न हलवता म्हणाल्या, "तुम्ही दात बघा."

गंमत अशी की काकूंना तो चित्रपट आवडतो याला कुणाची हरकतच नव्हती. फक्त त्या आवडण्यामागे काहीतरी दुखणं असायला हवं होतं. वैधव्य चाललं असतं, अधू डोळे चालले असते, नात तर फारच छान. धडधाकट बाईने आपल्या खुशीने यंत्रमानव बघावेत, हे मात्र कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि नेमकं तेच काकूंच्या घशात अडकलं. ताईचं ऐकावं असं सकाळी वाटायचं. संध्याकाळी दवाखान्याचा दिवा मालवताना वाटायचं, मग आपलं म्हणून उरलं काय?

सभेला दालन खच्चून भरलं. परिचय वाचून आलेली नवी माणसं भिंतीला टेकून उभी होती. पहिल्या रांगेत न्यायाधीश, मांडीवर हातांची घडी. टेबलामागे ताई, इस्त्रीची साडी नेसून, ताठ. टेबलावर भरलेला पेला.

काकू उभ्या राहिल्या. "अध्यक्षांनी लिहिलंय ते सगळ्यांनी वाचलंच असेल," त्या म्हणाल्या. माना डोलल्या. न्यायाधीशांचीही डोलली. ताईंचे खांदे किंचित सैल झाले.

काकूंनी बहिणीकडे एकदा बघितलं. मग समोर.

"फार सुंदर लिहिलंय. पण त्या चित्रपटात तसं काही नाही. थोरला हे कुणाचं अंतर्मन नाही. लोखंडाचाच आहे तो."

मागे खसखस पिकली, मग ती रांगा ओलांडत पुढे आली. न्यायाधीश सगळे दात दाखवून हसले.

"हसा," काकू म्हणाल्या. "माझ्याच दातांनी हसताय निम्मे लोक. कुणाचे ते सांगणार नाही, धंद्याचं इमान आहे. पण हसताना सुटणार नाहीत, एवढी हमी देते."

बरीच तोंडं एकदम मिटली. न्यायाधीशांचं सर्वांत आधी.

मग काकू बोलू लागल्या, आणि बोलल्या त्या अगदी जिन्यातल्या आवाजात. थोरला चालतो तेव्हा आधी तो दिसतच नाही, त्यांनी सांगितलं. आधी दुकानांच्या काचा थरथरतात, मग डबक्यातलं पाणी, मग एका मांजराचे कान, आणि मग पाय येतो. "वजन दाखवावं तर असं. नाहीतर काही चित्रपटांत हत्तीसुद्धा कागदाचा वाटतो." मारामारी कळते, हे त्यांना विशेष वाटलं होतं. कोण कुणाला कुठून मारतंय हे शेवटपर्यंत दिसतं. वाईटही त्यांनी लपवलं नाही. तो शास्त्रज्ञ बोलत सुटतो तेव्हा त्याच्या तोंडात ठसा घ्यायचा लगदा भरावासा वाटतो. नायिका ढिगाऱ्यातून बाहेर येते ती विंचरलेल्या केसांनी. मध्यंतरानंतरचं वाळवंट सगळं कापलं तरी कुणाचं अडणार नाही. "आणि काजळ्याला दात दिलेत. डिझेल पिणाऱ्याला दात कशाला? बरं दिलेत, तर नीट तरी बसवा. वरचे खालच्यांना भेटतच नाहीत."

भिंतीकडचे दोघेतिघे घड्याळ बघू लागले. एकजण दाराकडे सरकला आणि पेल्याकडे बघून थांबला. न्यायाधीशांनी घसा खाकरला. नियमाने त्यांना बोलता येत नव्हतं, पण खाकरण्याला बंदी नव्हती, आणि त्यांनी तेवढ्यातच निकालपत्र वाचून दाखवलं.

ताईंनी दोन बोटांनी पेला काकूंच्या दिशेने सरकवला.

काकूंनी तो परत सरकवला.

घसा कोरडा पडला होता, तरी त्या बोलत राहिल्या. "आता पुलाचं सांगते. पूल तुटलाय, आणि त्यावर माणसांनी भरलेली एक बस. थोरला पाण्यात उभा राहून पूल खांद्यावर घेतो. कुठल्या खांद्यावर? त्याच, खिळखिळ्या. बस हळूहळू निघते. आणि मागून काजळ्या येतो. पाठीत एक ठोसा घालतो. थोरला वळत नाही. दुसरा घालतो. पत्रा फाटतो, आतल्या वायरी लोंबतात. थोरला वळत नाही. त्याला येतं हो मारायला! आपण बघितलेलं असतं. पण वळला तर पूल जाईल. म्हणून तो नुसता उभा राहतो, मार खात. आणि बस एकेक चाक पुढे..."

ताईंची भुवई वर गेली होती. पेला पुन्हा सरकला. या खेपेला काकूंनी त्यावर तळहात ठेवला, झाकण ठेवावं तसा, आणि तसाच ठेवून बोलल्या.

"मला सगळ्यांनी विचारलं, का आवडतो. नातीमुळे नाही. डोळ्यांमुळे नाही. यजमान गेले म्हणून मन रमवायला नाही; ते असते तर त्यांना ओढून नेलं असतं, आणि ते कुरकुरत आले असते. चित्रपट थोर आहे असंही माझं म्हणणं नाही. तो मोठा आहे, जोरदार आहे, आणि मला आवडतो. मी विशीत असते तरी आवडला असता. याच्यासाठी मला कुणाची माफी नको, कुणाचं समजून घेणंही नको. अध्यक्षांनी प्रेमापोटी त्याला भरजरी कपडे घातले. ते मी उतरवले, त्याचं वाईट वाटतं. पण तो उघडाच चांगला दिसतो."

आणि त्यांनी पेला उचलून एका दमात रिकामा केला.

दाराजवळचे दोघे लगेच बाहेर पडले. न्यायाधीश उठले. "प्रश्न साधा आहे, बाई. यातून घरी न्यायचं काय?"

"काही नाही. तिथेच बसून बघायचं."

"मग हे रसग्रहण कसं म्हणायचं? म्हणूनच मी म्हणतो, निवडीसाठी समिती..."

"नियमात समिती नाही," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. न्यायाधीश खाली बसले.

खुर्च्या करकरल्या. ताई समोरच्या कागदाकडे बघत होत्या. त्यावर आभाराचं भाषण तयार होतं, त्यात मौन होतं, नेणीव होती, आणि आता त्यातलं एकही वाक्य कामाचं उरलेलं नव्हतं. काकूंना वाटलं, आता घरी जायचं ते एकमेकींशी न बोलता. खाटेचं काय होईल कोण जाणे. तरी बोललेलं परत घ्यावंसं मात्र त्यांना वाटत नव्हतं.

ताईंनी कागदाची घडी घातली.

"अध्यक्षांनाही प्रश्न विचारायची मुभा आहे," त्या म्हणाल्या. मग जराशा पुढे वाकल्या. "धाकटे, बस पार होते का?"

मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "हो, ते राहिलंच!" न्यायाधीशांनीही मान वळवली, त्यांना विचारायचं नव्हतं, पण ऐकायचं होतं.

काकूंनी रिकामा पेला टेबलावर उपडा ठेवला.

"ते नाही सांगणार."

"अगं, निदान त्या खांद्याचं तरी..."

"नाही म्हटलं ना," काकू म्हणाल्या. "तिकीट काढ."